तेलाचे ब्रेक आणि गोमाची उटी

मु. चौक, जि. कुलाबा,
ता. २१ डिसेंबर १९४६

चि. मालोजी यास,

ताईचे आशीर्वाद. रागात लिहिते आहे म्हणून ते कमी भरतील असे समजू नकोस, नेहमीइतकेच आहेत. तुझा खोकला गेला का? ओव्याचा शेक घेतलास का, की मुंबईच्या डॉक्टरची लाल बाटली पिऊन मोकळा झालास? सौ. सुंदरा आणि तिन्ही मुले खुशाल असावीत. (असावीत असेच म्हणावे लागते, कारण तुझ्या चार पानी पत्रात त्यांच्याविषयी एक ओळ नाही. चारही पाने लॉरीची.) माझे गुडघे तू विचारले नाहीस तरी सांगते, थंडीने धरले आहेत. बाकी प्रकृती उत्तम आहे, आणि तुझे पत्र आल्यापासून झोप कमी व भूक जास्त अशी आहे, जी माझी रागावल्यावर नेहमीच असते.

आता त्या पत्राविषयी. तुला ठाऊक आहे की मुंबईहून आलेले पत्र आपल्याकडे नानांच्या वेळेपासून पडवीत मोठ्याने वाचले जाते. नाना गेले, मी पेन्शनीत निघून इथे येऊन राहिले, तरी ती रीत तशीच आहे, कारण भिवाजी ड्रायव्हर आणि गोमा हे दोघे तुझ्या पत्राला आपल्याच घरचे पत्र समजतात आणि पायरीवर येऊन बसतात. मीही सवयीने चष्मा लावून वाचत सुटले. तू लिहिलेस की, ब्रेकच्या डबीत खोबरेल कोणी ओतले याचा तू पुष्कळ विचार केलास. नव्या ब्रेकमुळे ज्याचे काम संपले त्यानेच द्वेषाने हे केले हे उघड आहे, तरी एक तारखेपासून गोमाला कामावर ठेवू नये. माझी जीभ थांबेपर्यंत वाक्य संपले होते. गोमा तिथेच बसला होता. कडेला ठेवलेली आपली उटी त्याने उचलली, पायरीवर नीट आडवी ठेवली, “येतो बाय” म्हणाला आणि डोंगरावरच्या आपल्या वाडीच्या वाटेला लागला. याला आज चार दिवस झाले. लॉरी अंगणात उभी आहे, उटी पायरीवर आहे, आणि भिवाजी माझ्याशी फक्त होय-नाही बोलतो.

(मुलांना हे वाचून दाखवशील तर त्यांना समजावे म्हणून सांगते. उटी म्हणजे गाडी घरंगळू नये म्हणून चाकाखाली सारायचा लाकडाचा ठोकळा. गोमाची खैराची आहे, त्याने स्वतः तासलेली, आणि धरून धरून मुठीजवळ इतकी गुळगुळीत झाली आहे की त्यात तोंड दिसेल.) तू शिकायला आणि मग नोकरीला मुंबईत, मी पुण्याच्या इस्पितळात मेट्रन, तेव्हा ही लॉरी कशी चालत होती हे आपण दोघांनीही पाहिलेले नाही. मी इथे येऊन पाहिले आणि पहिल्या दिवशी डोळे मिटून घेतले. जुने ब्रेक सळ्यांचे. भिवाजी पायडलवर उभा राहिला की पुढे कुठे तरी कुरकुर ऐकू येई आणि लॉरी विचारात पडल्यासारखी किंचित हळू होई, एवढेच. खरा ब्रेक गोमा. तो डाव्या बाजूच्या फळीवर उभा असे. उतार आला की भिवाजी नुसते “गोमा” म्हणे, हा उडी मारून चाकाबरोबर धावे आणि हवे त्या क्षणी, हवे तिथे उटी सारे. भाताची पोती असोत की गवताच्या गाठी, कर्जत स्टेशनापर्यंत चौदा वर्षे आपला माल या एका माणसाच्या पायांवर थांबत आला. हातब्रेक अडतीस साली तुटला तो तसाच आहे. त्याच्या जागी मुक्कामाला भिवाजी पायडलवर फुटक्या जात्याची तळी ठेवतो.

हे बदलायचे तुझ्या मनात आले, ते वाईट नव्हते. ते मी तेव्हाही म्हटले. लढाई संपल्यावर लष्कराच्या मोडीत निघालेल्या गाड्या विकायला आल्या, त्यांतल्या एका ट्रकचे ब्रेक तू सबंध काढून आणवलेस, तांब्याच्या नळ्या, रबरं, डबी सगळे पोत्यात बांधून, आणि गजा मिस्त्रीने आपल्या गॅरेजात आठ दिवस खपून ते बसवले. गजा लढाईत मिसर देशात साहेबांच्या गाड्या दुरुस्त करून आला आहे आणि तेव्हापासून कोणत्याही गोष्टीचे त्याला आश्चर्य वाटत नाही. आपल्या लॉरीचे मात्र वाटले. त्याने मला समजावून सांगितले की आता सळ्या नाहीत, पायडल दाबले की नळीतले तेल ढकलले जाते आणि ते चारही चाके धरते. तेल म्हणजे अर्धे एरंडेल, अर्धे स्पिरिट. “तिसरं काय बी पडता कामा नये, बाय. आन ती जात्याची तळी आता बंद.” मी त्याला सांगितले की एरंडेल आणि स्पिरिट या दोन गोष्टींशी माझी अठ्ठावीस वर्षांची ओळख आहे, त्याने काळजी करू नये. दोन्ही माझ्या औषधाच्या कपाटात असतात. कपाटाची किल्ली माझ्या कनवटीला असते. ती मी झोपेतही सोडत नाही. हे नीट ध्यानात ठेव, कारण गोमाच्या बाजूचा हा सर्वांत मोठा पुरावा आहे.

पहिल्या दिवशी भिवाजीने पायडलला अंगठा लावला मात्र, लॉरी जागच्या जागी उभी राहिली आणि मी पुढच्या काचेपाशी गेले. त्या दिवशी मीच गोमाला म्हटले की, आता तू माणसासारखा मागे बसून ये, आणि हे लाकूड स्वयंपाकाच्या सोनुबाईला चुलीत घालायला दे. (हे मी म्हटले. लिहून टाकते, म्हणजे झाले.) तो “बरं” म्हणाला. मागे बसला नाही आणि लाकूडही दिले नाही. पोत्याखाली लपवून ठेवले.

आता बायजाच्या लग्नाचा दिवस. बायजा म्हणजे भिवाजीची नात, आईवेगळी, एकुलती. मुलगा भिवपुरीचा, लग्न मुलाच्या दारी, मुहूर्त अकरा वाजून सात मिनिटांचा. वऱ्हाड आपल्या लॉरीतून न्यायचे हे नानांनी बायजाच्या बारशालाच कबूल केले होते. लग्नाच्या दोन दिवस आधी एका नळीच्या सांध्यातून सगळे तेल गळून गेले. गजाने सांधा आवळला आणि नवे तेल भरायला सांगून तो पनवेलला गेला. भरणे सोपे होते. भिवाजीने बसून पायडल मारायचे आणि दुसऱ्याने डबीत ओतत राहायचे. ओतण्याचे काम एका जबाबदार माणसाने केले. त्याचे नाव येथे महत्त्वाचे नाही. महत्त्वाचे हे की गोमा त्या दिवशी वाडीला गेला होता.

लग्नाच्या पहाटे अशी थंडी पडली की विहिरीच्या पाण्यावरून वाफ निघत होती. सव्वीस माणसे, दोन ट्रंका, रुखवताचे लाडू आणि एक पिंपभर पितळेची भांडी लॉरीत चढली. मी पुढे भिवाजीशेजारी. इंजिन सुरू झाले, भिवाजीने गिअर टाकला, आणि लॉरी एखाद्या म्हशीने पाण्यात बसावे तशी बसली. चाके हलेनात. भिवाजीने खाली पाहिले तर जात्याची तळी पायडलवर. (गजाने बजावले होते. भिवाजीचे म्हणणे, लग्नाच्या गडबडीत हाताने आपोआप ठेवली.) तळी काढली, तरी पायडल वर येईना, दाबलेलेच राहिले. वऱ्हाडी उतरले, ढकलले, पुन्हा चढले. बायजाची मावशी वरून म्हणाली, “नवरीच्या आधी गाडीच रुसली, तिला आधी काय ते द्या.” एकाने सुचवले की नारळ फोडावा, दुसऱ्याने सुचवले की बैल जोडावेत. नवरी मुंडावळ्या बांधून पोत्यावर बसली होती आणि दर दोन मिनिटांनी आजोबांकडे पाहत होती. भिवाजीच्या तोंडावरचे रक्त उतरले होते. सूर्य चांगला वर आला, तरी लॉरी आंब्याच्या सावलीतच.

तेव्हा गोमाने भिवाजीच्या पायाखालची फळी उचलली आणि डबीत बोट घातले. बोटाला पांढरे काही तरी थिजलेले आले. ते त्याने हुंगले. मग माझ्याकडे पाहिले. (का पाहिले ते त्याचे त्याला ठाऊक.) आणि बोट धोतराला पुसून म्हणाला, “गरम पानी लागंल, बाय. चाकांना शेक द्या, सुटंल.”

शेक म्हटल्यावर मला कोणाला विचारण्याची गरज नव्हती. हळदीच्या नहाणासाठी तापवलेला बंब भरलेलाच होता. माझी रबराची पिशवी एका चाकाला, लोकरीच्या शालींचे पिळे बाकीच्या तीन चाकांना, आणि मी एकेका चाकापाशी दोन-दोन बायका बसवल्या. पिळा निवला की दुसरा, घाई नाही, गप्पा नाहीत. गप्पा झाल्या. बायजाच्या मावशीने पुढच्या उजव्या चाकाला बाळंतिणीला विचारावे तसे “आता बरं वाटतं का गं” असे विचारले आणि सगळ्या हसत सुटल्या. पण अर्ध्या घटकेत आतून उसासा टाकल्यासारखा आवाज आला, पायडल आपोआप वर आले आणि चाके सुटली. अठ्ठावीस वर्षांत माझ्या हातून इतका मोठा रोगी बरा झाला नव्हता, आणि मी थोडी फुशारले होते हे कबूल करते.

फुशारकी कर्जतच्या अलीकडच्या ओढ्यापर्यंत टिकली. चाके शेकली होती, मधल्या नळ्या कोणी शेकल्या नव्हत्या, आणि वरून सकाळचा वारा. उतार लागला, भिवाजीने पायडल दाबले, आणि ते खडकासारखे घट्ट. त्याने दुसरा पाय लावला. मी माझा लावला. लॉरी वाढत्या वेगाने ओढ्याकडे निघाली. मागे बायका गात होत्या, त्यांना काही ठाऊक नव्हते. भिवाजी ओरडला नाही. त्याने फक्त “गोमा” म्हटले, आणि ते अशा आवाजात की मला अजून ऐकू येते. फळीवरून गोमा केव्हा उतरला ते मी पाहिले नाही. आरशात दिसला तो चाकाबरोबर वाकून धावताना, हातात ती उटी, जी मी चुलीत घालायला सांगितली होती. पहिल्या खेपेला चाकाने ती उडवून लावली. त्याने ती धावत जाऊन उचलली आणि पुन्हा सारली. लॉरीने एक गिरकी घ्यायचा विचार केला, मग नको म्हटले, आणि पुढची चाके ओढ्याच्या वाळूत टेकवून उभी राहिली. मागचे गाणे एका ओळीपुरते थांबले आणि पुढे चालू झाले. लाडू फुटले, माणूस एकही फुटला नाही. गोमाच्या उजव्या अंगठ्याचे नख मुळापासून गेले. मी माझ्या पदराची पट्टी फाडून बांधली, तो म्हणाला, “लुगडं चांगलं व्हतं, बाय.” मुहूर्ताला आम्ही दहा मिनिटे उशिरा पोचलो. भटजींनी आपले घड्याळ पुढे जाते असे जाहीर केले आणि लग्न लागले.

त्यानंतर गजाने ब्रेक उघडले, रबरं भज्यांसारखी फुगलेली पाहिली, खोबरेल ओळखले आणि मला न विचारता तुला पत्र टाकले. आणि तू मुंबईत बसून निकाल दिलास. अरे, त्या माणसाकडे खोबरेल कुठून येणार? त्याच्या डोंगरावर नारळाचे झाड नाही. त्याच्या घरी डोक्याला लागले तर करंजाचे तेल लागते. चौक गावात बाटलीने खोबरेल घेणारी घरे किती, आणि त्यांत आमच्या अंगणात येणारी किती, याचा हिशेब तू करू नकोस, मी करते आहे. दोष शोधायचाच तर पुष्कळ आहेत. गजाचा सांधा गळला नसता तर तेल भरावे लागले नसते. भिवाजीने तळी ठेवली नसती तर ब्रेक दाबल्या अवस्थेत थिजले नसते. थंडी पडली नसती तर काहीच झाले नसते. आणि मुळात तू ते पोते पाठवले नसतेस तर मी आज हे पत्र न लिहिता स्वस्थ पेज पीत बसले असते. कॉन्व्हेंटात आमच्या मदर बेनेडिक्टा म्हणत की, खोटे बोलणे आणि खरे दडवून ठेवणे यांना एकच शिक्षा. त्यांनी मला या दुसऱ्या गुन्ह्यासाठी एकदा दिवसभर भिंतीकडे तोंड करून उभे केले होते. मी हे अशासाठी लिहिले की तू मन मोठे करून, कोणी ओतले या चौकशीत न पडता, गोमावरचा ठपका मागे घ्यावास. एक साधे कार्ड पुरे होईल.

मुलांना पापे. सौ. सुंदरेस आशीर्वाद, आणि तिने ओव्याचा शेक द्यावा, तू ऐकत नसलास तर तुला धरून.

तुझी थोरली बहीण,
विमल

ता. क. रबरांचा नवा संच पाठव. गजा म्हणतो, जुनी आता फक्त दप्तराला बांधायच्या कामाची.

ता. क. २. पत्र पाकिटात घातले होते, परत काढले. मदर बेनेडिक्टांचे नाव लिहायला नको होते, रात्रभर त्या माझ्या उशाशी उभ्या होत्या. तर लिहिते. तो जबाबदार माणूस मी. एरंडेलाच्या बाटलीत तळाशी दोन बोटे उरली होती. वर स्पिरिट पुरेसे घातले, पण डबी भरेना, भिवाजी पायडल मारतो आहे आणि डबी पितेच आहे, तेव्हा मी आत जाऊन माझ्या डोक्याच्या तेलाची सबंध मोठी बाटली आणून ओतली. तेल ते तेल, असे मी म्हटले. कोकणात जन्मलेली बाई मी, थंडीत खोबरेल गोठते म्हणून बाटली रोज चुलीपाशी ठेवणारी, आणि तरी म्हटले. एका औषधाच्या जागी दुसरे दिले म्हणून मी माझ्या कारकीर्दीत तीन नर्सना घरी पाठवले. त्यांतली एक रडली होती. तिचे नाव मला रात्री आठवले. (एरंडेल का संपले हेही सांगते. दिवाळीत तुझ्या तिन्ही मुलांनी करंज्या अशा खाल्ल्या की मला त्यांना तीन दिवस एरंडेल द्यावे लागले, आणि चौथ्या दिवशी तुला. तेव्हा मूळ पाहिले तर दोष कोणाचा, ते तूच ठरव.)

ता. क. ३. हे २३ तारखेला लिहिते आहे. काल वाडीवर जाऊन आले. भिवाजी बरोबर आला. दर दगडावर बसत गेले, वर पोचेपर्यंत डोंगरावरच्या सगळ्या दगडांशी ओळख झाली. गोमा अंगणात भात झोडत होता, अंगठ्याला माझीच पट्टी, मळलेली. त्याची बायको आवडी, तिने मला पाणी दिले आणि तोंड फिरवले. मी उभ्या उभ्या सगळे सांगितले. गोमाने ऐकून घेतले आणि म्हणाला, “मला तवाच कळलं, बाय. वास तुमच्या येनीचा व्हता.” मग बोलला का नाहीस, असे विचारल्यावर म्हणाला, “लग्नाच्या माणसांत बायचं नाव कसं घ्यावं? आन मागाहून कुनी इचारलंच नाय.” मागून भिवाजी म्हणाला की त्यालाही ठाऊक होते, ओतताना घमघमाट सुटला होता, आणि सोनुबाईला तर बाटली रिकामी दिसली त्याच दिवशी. म्हणजे सगळ्या घरात एकट्या मला वाटत होते की कोणाला ठाऊक नाही. गोमाला माझे काही लागले नव्हते. तुझे लागले. तो म्हणाला, “चौदा वरसं गाडी थांबवत आलो, आन भाऊ म्हनतो मीच सोडली.” आणि पुन्हा भात झोडायला लागला.

तो आज सकाळी खाली आला. कामावर नव्हे, उटी न्यायला. मी ती दिली नाही. गजाकडून ड्रायव्हरच्या दाराशेजारी लोखंडी आकडा ठोकून घेतला आहे आणि उटी त्यावर टांगली आहे. तेलाचे ब्रेक राहतील, पण ती तिथून हलणार नाही. ही सुधारणा तुझ्या मोटारीच्या पुस्तकात नसेल. गोमाने आकडा दोनदा ओढून पाहिला, म्हणाला, मजबूत हाय. पण फळीवर चढला नाही. तेव्हा कार्डाचे मी वर लिहिले ते खोडून टाक, कार्डाने भागणार नाही. तू स्वतः ये, पडवीत बस, आणि जे वाक्य तुझ्या पत्रातून मोठ्याने वाचले गेले ते तितक्याच मोठ्याने परत घे. तो हे मागत नाही, तो काहीच मागत नाही, म्हणून मी मागते. माझ्या वाटचे मी वाडीवर करून आले आहे.

ता. क. ४. येताना एरंडेलाच्या दोन बाटल्या आण. मुलांना आणणार असलास तर तीन.